ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक मारणारा पहिला आशियाई फुटबॉलपटू आपल्या गोव्यातल्या आसगावचा होता

१ नोव्हेंबर १९५६. या दिवशी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. नांदेड असो, किंवा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेलं लातूर, सगळ्यांची राजधानी एका दिवसात बदलली. काल हैदराबाद, आज मुंबई.

त्यानंतर बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, तिकडे मेलबर्नमध्ये या जुन्या आणि नव्या राजधानीने मिळून एक कांड केलं. प्रशिक्षक हैदराबादचा आणि गोल मारणारा मुंबईचा.

प्रशिक्षक म्हणजे सय्यद अब्दुल रहीम. अजय देवगणचा 'मैदान' सिनेमा आल्यापासून ते बऱ्याच जणांना माहीत झालेत. पण गोल मारणाऱ्याचं नाव विचारलं तर अजूनही चारचौघांत शांतता पसरते.

त्याचं नाव नेव्हिल डिसोझा.

नेव्हिलचा जन्म १९३२ सालचा, बार्देशातल्या आसगावचा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. आणि कामाधंद्याच्या शोधात निघालेल्या गोवेकरांसाठी मुंबई हे हक्काचं ठिकाण होतं. नेव्हिलचं फुटबॉलही इथेच फुललं. तो टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळायचा. आज स्वित्झर्लंड किंवा जर्मनीतल्या क्लबचा खेळाडू फक्त फुटबॉलवर जगतो. आपल्याकडे तेव्हा तसलं काही नव्हतं. कंपन्या, रेल्वे, पोलीस यांचे संघ असायचे आणि चांगल्या खेळाडूला त्याच आधाराने नोकरी मिळायची.

कूपरेजच्या मैदानावर त्याने नाव कमावलं. १९५४ ची संतोष ट्रॉफी मुंबईने जिंकली, त्या संघात तो होता. राष्ट्रीय संघातही त्याची निवड झाली होती.

आता जरा मागे जाऊ. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये आपल्या संघातले बरेच खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं. ज्या ऑलिम्पिकमधून खाशाबा जाधव पदक घेऊन आले, त्याच ऑलिम्पिकमधून फुटबॉलवाले मान खाली घालून आले. त्यानंतर बूट घालणं सक्तीचं झालं.

रहीम साहेब मूळचे शिक्षक. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप उचलून नेला होता. त्यामुळे मुंबईच्या खेळाडूंना हा माणूस काय चीज आहे हे चांगलं ठाऊक होतं. १९५६ ला मेलबर्नची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

पहिला सामना होता हंगेरीशी. हंगेरी म्हणजे १९५२ चा सुवर्णपदक विजेता. पण त्या वर्षी हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारत न खेळता पुढे गेला. नशीब म्हणा हवं तर, पण पुढच्या सामन्यात नशिबाचं काम नव्हतं. समोर यजमान ऑस्ट्रेलिया होता.

तेव्हा संघ पाच-पाच फॉरवर्ड घेऊन खेळायचे. दोन्ही कडांना विंगर, म्हणजे बाजूने पळत चेंडू आत टाकणारे. आपल्याकडे उजवीकडे पी. के. बॅनर्जी आणि डावीकडे कन्नयन. आणि मधोमध, गोलपोस्टच्या तोंडाशी, नेव्हिल. ही जागा दिसायला सोपी आहे. पण चेंडू येईल कुठे हे आधी ओळखावं लागतं, आणि आला की विचार करायला वेळ नसतो.

नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. नेव्हिलने ३३ व्या मिनिटाला दुसरा मारला. मॉरोने मध्यंतराआधी पुन्हा बरोबरी केली. म्हणजे सामना अक्षरशः दोन माणसांत चालला होता. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत नेव्हिलने तिसरा गोल मारला, आणि मॉरोकडे आता उत्तर नव्हतं. शेवटी किट्टूने चौथा मारून ४-२ असा शिक्का मारला.

ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई ठरला. उपांत्य फेरीत जाणारा भारत हा पहिला आशियाई संघ. काही दिवसांनी सिडनीत हेच दोन संघ पुन्हा भिडले, तेव्हा भारताने ७-१ ने जिंकून विषयच संपवला.

उपांत्य फेरीत समोर तोच युगोस्लाव्हिया. मध्यंतरापर्यंत ०-०. ५२ व्या मिनिटाला गोल कुणी मारला असेल? नेव्हिलनेच. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ आता आघाडीवर होता, आणि पदक समोर दिसत होतं. ही आघाडी जेमतेम दोन मिनिटं टिकली. सामना ४-१ ने गेला, त्यातला शेवटचा तर आपलाच स्वयंगोल. मग ७ डिसेंबरला बल्गेरियाने ३-० ने हरवून कांस्यपदकही नेलं.

स्पर्धेत सर्वाधिक चार गोल मारणाऱ्या तिघांमध्ये नेव्हिल होता. मग तो विसरला कसा गेला?

एक कारण तारखेत आहे. ६ डिसेंबरला भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला हरवून सुवर्णपदक जिंकलं. सुवर्ण घरी आलेलं असताना चौथ्या नंबरकडे कोण बघणार? टीव्ही नव्हता, त्यामुळे ते गोल इथल्या कुणी पाहिलेच नाहीत. अर्जुन पुरस्कार सुरू झाला १९६१ मध्ये. फुटबॉलमधला पहिला अर्जुन मिळाला तो पी. के. बॅनर्जींना. ते लायकच होते, पण १९६० ला रोममध्ये कप्तान असल्याने तेव्हा ते चर्चेतही होते. नेव्हिल तोवर राष्ट्रीय संघातून मागे पडला होता. माझ्या मते कोलकाता हे फुटबॉलचं केंद्र होतं, हेही एक कारण आहेच. तिथल्या खेळाडूंच्या आठवणी तिथल्या लोकांनी जपल्या. मुंबई मात्र क्रिकेटची झाली.

नेव्हिल खेळत राहिला. १९५८ ला कॅल्टेक्सने रोव्हर्स कप जिंकला, तेव्हा तो त्या संघात होता. त्याचा धाकटा भाऊ डेरेकही भारताकडून खेळला.

१६ मार्च १९८० रोजी मेंदूतील रक्तस्रावाने नेव्हिल गेला. वय ४७. १९६० च्या रोमनंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ आजवर ऑलिम्पिकला पुन्हा गेलेला नाही, त्यामुळे भारताकडून ऑलिम्पिकमध्ये हॅट्ट्रिक मारणाऱ्या फुटबॉलपटूंच्या यादीत अजूनही एकच नाव आहे.