संत ऑगस्टीन : देह, विवाह आणि ब्रह्मचर्य



आषाढात तुकोबांची पालखी बारामती, निमगाव केतकी, इंदापूर या वाटेने पंढरीला जाते. वारकरी संतांत प्रपंच करणारे पुष्कळ. म्हणून शेजारीपाजारी आपल्या लोकांना हमखास विचारतात, तुमचे फादर आणि सिस्टर लग्न का करत नाहीत, संसार वाईट असतो का? ख्रिस्तसभेत हा वाद सोळाशे वर्षांपूर्वीच पेटला होता. २८ ऑगस्टला ज्यांचा सण येतो, त्या संत ऑगस्टीन यांचे आयुष्य त्यासाठी पाहावे, असे आम्हांला वाटते.

त्यांचा जन्म ३५४ साली उत्तर आफ्रिकेतील तागास्ते गावी झाला. संत मोनिका त्यांच्या आई. जुन्या गोव्यातील धर्मभगिनींचा मोठा मठ त्यांच्याच नावाचा. शिक्षणासाठी कार्थेजला गेलेले ऑगस्टीन तरुणपणीच एका स्त्रीबरोबर लग्नाविना राहू लागले. अदेओदातुस हा त्यांचा मुलगा. त्याच काळात ते मानी पंथात शिरले. हा पंथ देहाला अंधाराची निर्मिती मानी आणि मूल जन्माला घालणे म्हणजे प्रकाशाला तुरुंगात टाकणे समजे. ऑगस्टीन तेथे नऊ वर्षे रमले, आणि घरी संसारही चालूच होता!

पुढे मिलानमध्ये नाव झाले. तोलामोलाच्या घरची मुलगी ठरली. कायद्याने लग्नाचे वय व्हायला तिला अजून दोन वर्षे होती. त्यासाठी ३८५च्या सुमारास चौदा-पंधरा वर्षांची सोबतीण आफ्रिकेला परत पाठवली गेली. दुसऱ्या पुरुषाकडे जाणार नाही, असा नवस करून ती गेली. मुलगा बापाकडे राहिला. ऑगस्टीन यांनी आपले दुःख लिहून ठेवले, तिचे नाव मात्र लिहिले नाही. संतांविषयी आदर ठेवूनही आम्हांला हे खटकते. ब्रह्मचर्याचे व्रत तिनेही घेतले होते, पण तिचा सण कोणत्याच कॅलेंडरात नाही.

३८६ साली त्यांचे मनपरिवर्तन झाले. ठरलेले लग्न त्यांनी सोडले आणि ३८७च्या पुनरुत्थान सणाला संत अँब्रोज यांच्या हस्ते मुलासह बाप्तिस्मा घेतला. पुढे ते हिप्पोचे बिशप झाले.

इकडे रोममध्ये जोविनियन नावाचा संन्यासी विवाहित आणि ब्रह्मचारी यांची योग्यता सारखीच आहे, असे शिकवीत होता. त्याला उत्तर देताना संत जेरोम यांनी विवाहाला इतके खाली ओढले की, त्यांचे मित्रही अवघडले. ४०१च्या सुमारास ऑगस्टीन यांनी विवाहावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. विवाह चांगलाच आहे : संतती, निष्ठा आणि न तुटणारे पवित्र बंधन ही त्याची तीन धने. ब्रह्मचर्य त्यांना अधिक थोर वाटे, पण वाईट टाकून चांगले घेणे असे ते नव्हे. एक चांगले सोडून दुसरे चांगले घेणे आहे. शेजाऱ्यांना हेच सांगावे. कामवासनेविषयी मात्र ते अखेरपर्यंत धास्तावलेलेच राहिले. पतिपत्नीच्या देहमीलनाला दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली जी प्रतिष्ठा दिली, ती त्यांच्या लिखाणात सापडत नाही.

४१० साली गॉथ सैन्याने रोम लुटले. व्रतस्थ कुमारिकांवरही बलात्कार झाले. त्यांनी जीव का दिला नाही, असे लोक कुजबुजू लागले. ऑगस्टीन यांनी ठणकावून लिहिले की, पावित्र्य मनाच्या संमतीत असते. दुसऱ्याने देहावर केलेल्या जुलमाने ते जात नाही आणि त्या स्त्रीकडे कसलाही दोष येत नाही. देहाविषयीचे त्यांचे सारे लिखाण एकीकडे आणि ही पाने एकीकडे, असे आम्ही मानतो. आपल्या गावांतही अशा मुलीचे नाव अजून दबक्या आवाजातच घेतले जाते.

४३० साली हिप्पोला वँडल टोळ्यांचा वेढा पडला असताना ते आजारी पडले. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहून घेऊन त्यांनी ती खाटेसमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली. ती वाचत, रडत, २८ ऑगस्टला त्यांनी प्राण सोडला.