पेशीचे नाणे

डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याविषयी मला आदर वाटतो, तो त्यांच्या प्रसिद्धीविन्मुख वृत्तीमुळे. १८९५ साली भीमवरम येथे जन्मलेले हे डॉक्टर १९२३ मध्ये बोस्टनला गेले. दिवसा अभ्यास आणि रात्री इस्पितळात पडेल ते काम, असा त्यांचा संसार. १९२९ मध्ये हार्वर्ड येथे फिस्क यांच्यासह त्यांनी स्नायूंतून एटीपी शोधून काढले. त्याच वर्षी जर्मनीत लोमान यांनाही ते गवसले. अन्नातील शक्ती पेशी ह्याच नाण्यात मोडून घेते आणि क्षारांची ने-आण करताना, स्नायू आखडताना तेच खर्चते, हे पुढे उमगले. १९४८ साली सुब्बाराव निवर्तले. ज्या नाण्यावर आपला श्वास चालतो, त्यावर त्यांचे नाव नाही, एवढीच मला खंत.