विश्लेषण : शोध खुले ठेवूनही कंपनी कशी वाढली? अर्न्स्ट ॲबे आणि झाइसची गोष्ट

पॅथॉलॉजी लॅबमध्ये मलेरियाची तपासणी करताना तंत्रज्ञ रक्ताच्या काचपट्टीवर तेलाचा एक थेंब टाकतात आणि सूक्ष्मदर्शकाचे सर्वांत शक्तिशाली भिंग त्या थेंबात टेकवतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकात काचपट्टीच्या खाली प्रकाश एकवटणारा एक भाग असतो, त्याला ॲबे कंडेन्सर म्हणतात. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा ब्रिक्स मोजायला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, त्याच्या एका प्रकारालाही ॲबे यांचेच नाव आहे. ही उपकरणे आज जगभरातील अनेक कंपन्या बनवतात. ज्यांच्या नावाने ती ओळखली जातात त्या अर्न्स्ट ॲबे यांनी सूक्ष्मदर्शकातील सुधारणांवर पेटंट घ्यायचे नाही, असे ठरवले होते. तरीही त्यांची झाइस कंपनी वाढत गेली. संशोधनावर किती काळ पैसा ओतायचा, कोणता शोध खुला ठेवायचा आणि त्यातून आलेला नफा कोणाचा, या तीन प्रश्नांभोवती ॲबे यांचे आयुष्य फिरले.

अर्न्स्ट ॲबे कोण होते?

ॲबे यांचा जन्म २३ जानेवारी १८४० रोजी जर्मनीतील आयझेनाख येथे झाला. वडील सूतगिरणीत मुकादम होते. त्यांचा कामाचा दिवस १४ ते १६ तासांचा असे आणि मध्ये विश्रांती नसे. लहानगा अर्न्स्ट दुपारी डबा घेऊन गिरणीत जाई, तेव्हा वडील यंत्राला टेकून उभ्या उभ्याच चार घास पोटात ढकलत आणि रिकामा डबा परत देऊन कामाला लागत. हे दृश्य ॲबे आयुष्यभर विसरले नाहीत. पुढे कारखाना त्यांच्या हाती आला, तेव्हाच्या त्यांच्या निर्णयांचे मूळ इथे सापडते.

मुलगा हुशार असल्याने वडिलांच्या मालकाने शिक्षणाला हातभार लावला. ॲबे येना आणि गॉटिंगेन येथे गणित आणि भौतिकशास्त्र शिकले. १८६१ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि १८६३ पासून ते येना विद्यापीठात शिकवू लागले. तेव्हा त्यांची प्राप्ती बेताचीच होती.

झाइसला प्राध्यापकाची गरज का पडली?

कार्ल झाइस या कारागिराने १८४६ मध्ये येनामध्ये छोटी कार्यशाळा सुरू केली होती. त्यांचे सूक्ष्मदर्शक चांगले होते, पण ते बनवण्याची पद्धत अंदाजपंचेच होती. कारागीर भिंगे घासत, एकमेकांसमोर ठेवून पाहत, जमले नाही तर बदलत. त्या काळी बहुतेक सर्वच उत्पादक असेच काम करत. त्यामुळे दोन सूक्ष्मदर्शक अगदी सारखे होत नसत आणि उत्तम भिंग जमणे हा बराचसा कारागिराच्या हातगुणाचा भाग राही.

आधी गणित मांडावे आणि मग त्याप्रमाणे भिंग घासावे, असे झाइस यांना वाटत होते. १८६६ मध्ये कार्यशाळेतून हजारावा सूक्ष्मदर्शक बाहेर पडला. त्याच वर्षी त्यांनी २६ वर्षांच्या ॲबे यांच्याकडे हे काम सोपवले. मोजक्या कामगारांच्या कार्यशाळेने विद्यापीठातील गणितज्ञाला संशोधनासाठी घेणे ही त्या काळात नेहमीची गोष्ट नव्हती.

पहिला प्रयत्न का फसला?

ॲबे यांनी आधी मोजमापाची साधने तयार केली. काचेचा अपवर्तनांक म्हणजे काच प्रकाशाला किती वाकवते हे अचूक कळल्याशिवाय गणित कागदावरच राहिले असते. रिफ्रॅक्टोमीटर याच गरजेतून आला. मग हिशेब करून भिंगे बनवली गेली आणि ती अंदाजाने बनवलेल्या भिंगांपेक्षा वाईट निघाली.

प्रतिमेतील दोष टाळण्यासाठी ॲबे यांनी भिंगात शिरणाऱ्या प्रकाशाचा कोन लहान ठेवला होता. तेव्हाच्या समजुतीनुसार त्याने प्रतिमा स्वच्छ व्हायला हवी होती. प्रत्यक्षात बारीक तपशीलच दिसेनासे झाले. म्हणजे चूक घासण्यात नव्हती, तर सूक्ष्मदर्शकात प्रतिमा कशी तयार होते याबद्दलच्या समजुतीत होती.

इथे झाइस यांची कसोटी होती. खर्च होत होता, विक्रीला काढावे असे काही हाती नव्हते आणि जुन्या पद्धतीने धंदा बरा चालला होता. तरी त्यांनी काम थांबवले नाही. १८६६ मध्ये सुरू झालेल्या या खटाटोपाचे फळ १८७२ मध्ये मिळाले. त्या वर्षीच्या माहितीपत्रकात कंपनीने आपली सूक्ष्मदर्शकाची भिंगे ॲबे यांच्या गणितानुसार बनत असल्याचे जाहीर केले. मधली सहा वर्षे झाइस थांबले नसते तर पुढचे काहीच घडले नसते.

ॲबे यांनी नेमके काय शोधले?

प्रकाश बारीक रेघांवरून किंवा ठिपक्यांवरून जाताना पसरतो. यालाच विवर्तन म्हणतात. तपशील जितका बारीक, तितका प्रकाश अधिक रुंद कोनात फाकतो. हा फाकलेला प्रकाश भिंगाने पकडला नाही, तर त्या तपशिलाची माहितीच प्रतिमेत पोहोचत नाही. म्हणून भिंगाचे तोंड रुंद हवे. पहिल्या भिंगांचे गणित नेमके इथे चुकले होते.

यातूनच एक मर्यादाही पुढे आली. भिंग कितीही निर्दोष असले तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसू शकत नाहीत. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ५५० नॅनोमीटर असते. उत्तम भिंगाने त्यात जास्तीत जास्त २०० नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाच हजाराव्या भागाएवढा तपशील दिसतो. १८७३ मध्ये ॲबे यांनी हा सिद्धांत शोधपत्रिकेत छापला. त्या लेखात एकही समीकरण नव्हते, मर्यादा शब्दांतच सांगितली होती.

तेलाचा थेंबही याच सिद्धांतातून समजतो. काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये हवा असेल, तर काचेतून बाहेर पडणारे किरण बाजूला वळून भिंगाबाहेर जातात. काचेइतकाच अपवर्तनांक असलेले तेल मध्ये असेल, तर ते सरळ भिंगात शिरतात. इंग्लंडमधील जॉन वेअर स्टीफन्सन यांच्या सूचनेवरून ॲबे यांनी अशी भिंगे विकसित केली आणि १८७८ च्या सुमारास ती वापरात आली. रॉबर्ट कॉख यांनी जिवाणूंच्या अभ्यासासाठी ही भिंगे आणि ॲबे कंडेन्सर वापरला. १८८२ मध्ये त्यांनी क्षयरोगाचा जिवाणू जगासमोर आणला.

पेटंट का घेतले नाही?

सूक्ष्मदर्शक हे विज्ञानाचे साधन आहे, त्यातील सुधारणा कोणी अडवून ठेवू नये, अशी ॲबे यांची भूमिका होती. सिद्धांत त्यांनी शोधपत्रिकांत छापला, उपकरणांची वर्णने प्रसिद्ध केली. प्रतिस्पर्धी ती वाचू शकत होते.

मग झाइसची आघाडी टिकली कशी? सिद्धांत वाचून भिंग तयार होत नाही. त्यासाठी अचूक मोजमापे, प्रत्येक टप्प्यावर तपासणी आणि तरबेज हात लागतात. हे सारे येनाच्या कारखान्यात वर्षानुवर्षे मुरत गेले होते. शिवाय इतरांनी आजची भिंगे बनवायला घेईपर्यंत झाइसची पुढची भिंगे तयार होत.

मात्र हे धोरण सरसकट नव्हते. १८९० मध्ये पॉल रुडॉल्फ यांनी झाइससाठी नवे कॅमेरा भिंग तयार केले, तेव्हा कंपनीने पेटंट घेतले आणि इतर उत्पादकांना परवाने देऊन त्यावर पैसेही मिळवले. पुढे प्रिझमच्या दुर्बिणीच्या बाबतीतही पेटंटचा मार्ग धरला. विज्ञानाची साधने खुली आणि बाजारातील माल राखीव, अशी ही विभागणी होती.

काचेची प्रयोगशाळा कशी उभी राहिली?

भिंगाचे गणित सुटले तरी काच जुनीच होती. वेगवेगळ्या रंगांचा प्रकाश भिंगातून वेगवेगळा वाकतो आणि प्रतिमेला रंगीत कडा येतात. हा दोष घालवायला नव्या गुणधर्मांची काच हवी होती. १८७६ मध्ये लंडनमधील वैज्ञानिक उपकरणांचे प्रदर्शन पाहून आल्यावर ॲबे यांनी ही अडचण जाहीरपणे मांडली. आपल्या धंद्याचे दुखणे उघड केल्याने तोटा होईल, असा विचार त्यांनी केला नाही.

ऑटो शॉट हा तरुण रसायनतज्ज्ञ तेव्हा काचेवर प्रयोग करत होता. १८७९ मध्ये त्याने लिथियम वापरून बनवलेल्या काचेचा नमुना ॲबे यांच्याकडे पाठवला. तो नमुना उपयोगाचा निघाला नाही, पण पत्रव्यवहार सुरू राहिला. शॉट वितळवायचे आणि ॲबे मोजायचे. १८८२ मध्ये शॉट येनाला आले. १८८४ मध्ये शॉट, ॲबे, कार्ल झाइस आणि त्यांचे पुत्र रॉडरिक यांनी मिळून काचेची प्रयोगशाळा स्थापन केली. प्रशियाच्या सरकारनेही त्यासाठी पैसा दिला.

१८८६ मध्ये या प्रयोगशाळेच्या पहिल्या यादीत ४४ प्रकारच्या काचा होत्या. त्या केवळ झाइससाठी राखून न ठेवता इतर उत्पादकांनाही विकल्या गेल्या. मात्र काच विकत मिळणे आणि ती बनवता येणे यांत फरक होता. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि जर्मनीकडून काच येणे बंद झाले, तेव्हा ब्रिटनला दुर्बिणींसाठी काचेची टंचाई जाणवली. खुलेपणालाही अशी सीमा होती.

नफा कोणाचा?

झाइस यांनी १८७६ मध्ये ॲबे यांना भागीदार केले. गरिबीत वाढलेला प्राध्यापक श्रीमंत झाला. बर्लिन विद्यापीठातील प्राध्यापकपदाचा हेल्महोल्ट्झ यांचा प्रस्तावही त्यांनी नाकारला आणि येनातच राहिले. पण हाती आलेल्या संपत्तीचा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. त्यांचा हिशेब असा होता की, हा नफा विद्यापीठातील ज्ञान आणि अनेक कामगारांचे श्रम यांतून आला आहे, म्हणून तो एका घराण्यात मुरू नये.

१८८८ मध्ये कार्ल झाइस यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी ॲबे यांनी एक प्रतिष्ठान स्थापन केले आणि त्याला आपले नव्हे, तर झाइस यांचे नाव दिले. १८९१ मध्ये त्यांनी कंपनीतील आपला वाटा प्रतिष्ठानाला देऊन टाकला. मोबदला घेऊन रॉडरिक झाइस यांचा वाटाही प्रतिष्ठानाकडे गेला. मालक असलेले ॲबे आता आपल्याच कंपनीत पगारी व्यवस्थापक झाले.

१८९६ मध्ये प्रतिष्ठानाची १२२ कलमांची नियमावली आली. नफ्याचा भाग येना विद्यापीठाकडे, विशेषतः विज्ञान आणि गणिताच्या संशोधनाकडे वळवण्यात आला. कामगारांना निवृत्तिवेतन, पगारी रजा आणि नफ्यात वाटा मिळाला. वरिष्ठांचा पगार कामगारांच्या सरासरी वेतनाच्या दहापटीहून अधिक नसावा, अशीही अट होती. धर्म किंवा राजकीय मते पाहून नोकरीत भेद करायचा नाही, हेही लिहून ठेवले होते.

आठ तासांचा दिवस परवडला का?

१९०० मध्ये ॲबे यांनी कामाचा दिवस नऊवरून आठ तासांवर आणला आणि परिणाम मोजायला घेतला. नऊ तासांचे काम आठ तासांत व्हायचे तर तासाचे उत्पादन साडेबारा टक्क्यांनी वाढायला हवे. त्यांनी नगावर मजुरी घेणाऱ्या २३३ कामगारांच्या एक वर्ष आधीच्या आणि एक वर्ष नंतरच्या नोंदी तपासल्या. तासाची कमाई सुमारे १६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे दिवस तासाभराने कमी होऊनही एकूण काम घटले नव्हते, किंचित वाढलेच होते. थकवा हा कामातील खराखुरा खर्च आहे, हे ॲबे यांनी आकड्यांनी दाखवले. यंत्राला टेकून जेवणाऱ्या वडिलांचा प्रश्न त्यांनी भिंगाच्या गणिताइतक्याच शिस्तीने सोडवला.

त्यानंतर काय झाले?

प्रकृती ढासळल्याने ॲबे १९०३ मध्ये कामातून निवृत्त झाले आणि १४ जानेवारी १९०५ रोजी येना येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी घडवलेल्या व्यवस्थेला पुढे मोठे हादरे बसले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने कंपनीचे तज्ज्ञ पश्चिमेला नेले, सोव्हिएत सत्तेने येनातील यंत्रे उचलून नेली आणि जर्मनीच्या फाळणीबरोबर झाइसचेही दोन तुकडे झाले. देश एकत्र आल्यावर ते पुन्हा जोडले गेले.

प्रकाशाच्या मर्यादेला वळसा घालणाऱ्या सूक्ष्मदर्शन पद्धतींसाठी २०१४ मध्ये एरिक बेट्झिग, स्टेफान हेल आणि विल्यम मॉर्नर यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. ॲबे यांनी मर्यादा नेमकी मांडून खुली केली होती, म्हणूनच ती कुठून ओलांडायची हे पुढच्यांना शोधता आले. झाइसची प्रकाशिकी आज अत्याधुनिक चिप बनवणाऱ्या यंत्रांत वापरली जाते. झाइस आणि शॉट या दोन्ही कंपन्यांची मालकी अजूनही ॲबे यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेल्या प्रतिष्ठानाकडेच आहे.