अणूचे अंतरंग उघडणारे संशोधक : अर्नेस्ट रदरफोर्ड

जेथे काही सापडेल अशी आशा नसते, तेथेही एकवार नीट पाहावे, हा धडा ज्यांच्या चरित्रापासून मिळतो, त्या थोर शास्त्रज्ञांची ओळख आम्ही आमच्या वाचकांस करून देत आहोत.

अर्नेस्ट रदरफोर्ड ह्यांचा जन्म न्यूझीलंडमधील नेल्सन गावाजवळ ३० ऑगस्ट १८७१ रोजी झाला. बारा भावंडांच्या त्या कुटुंबात शिष्यवृत्तीवाचून उच्च शिक्षण होणे कठीणच होते. इंग्लंडला जाण्याची शिष्यवृत्तीदेखील त्यांस मिळाली ती, पहिल्या उमेदवाराने ती नाकारली म्हणून! पण त्या संधीचे त्यांनी सोने केले. १८९५ साली ते केंब्रिजला गेले. पुढे किरणोत्सर्गावरील संशोधनाबद्दल १९०८ साली त्यांस रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्यांचे सर्वांत मोठे कार्य मात्र ह्यानंतरचे होय. १९०९ साली मँचेस्टर येथे मार्सडेन नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यास त्यांनी एक काम सांगितले. आल्फा कण धातूच्या पातळ पत्र्यावर आदळून मागे फिरतात काय, हे पाहावयाचे होते. ते फिरतील अशी आशा फारशी कोणासच नव्हती. परंतु सुमारे ८००० कणांपैकी १ कण खरोखरच मागे परतला! इतक्या अल्प संख्येकडे गुरूंनी दुर्लक्ष केले नाही. पुष्कळ विचारांती १९११ साली त्यांनी दाखवून दिले, की अणूचे बहुतेक सर्व वस्तुमान एका अत्यंत सूक्ष्म गाभ्यात एकवटलेले असते.

१९ ऑक्टोबर १९३७ रोजी ते निवर्तले. पण कणावर कण आदळून निसर्गास प्रश्न विचारण्याची त्यांची रीत मागे राहिली. जिनीव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर घेराच्या वर्तुळाकार यंत्रात प्रोटॉनांचे दोन झोत समोरासमोर आदळवून २०१२ साली हिग्ज कण शोधण्यात आला. प्रोटॉन हे नावही रदरफोर्ड ह्यांनीच रूढ केलेले. त्यानंतर तेथे दुसरा नवा मूलकण अद्याप हाती लागलेला नाही, आणि विश्वातील अदृश्य द्रव्याचे कोडेही सुटलेले नाही. म्हणून ते श्रम व्यर्थ म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. मार्सडेनने आशा नसतानाही मन लावून पाहिले, म्हणूनच तो एक कण दिसला. विद्यार्थिमित्रहो, आपल्या अभ्यासातही हे ध्यानी ठेवावे.