अलेसांद्रो व्होल्टा : चिखलातली जळणारी हवा ओळखणारा शिक्षक



व्होल्टा म्हटलं की मुलांना बॅटरी आठवते. पण आज खरकट्यापासून जो बायोगॅस बनतो, त्यातला जळणारा वायूही याच माणसाने ओळखला, हे फारसं सांगितलं जात नाही.

बालपण : व्होल्टा यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७४५ रोजी इटलीतील कोमो गावी झाला. ते इतक्या उशिरा बोलू लागले की घरच्यांना काळजी वाटायची. लहानपणीच वडील गेले. नातेवाइकांना त्यांनी वकील व्हावं असं वाटे, पण त्यांचा ओढा विज्ञानाकडे होता. पुढे ते कोमोच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवू लागले.

तळ्यातले बुडबुडे : नोव्हेंबर १७७६ मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठी त्यांनी तळाचा चिखल काठीने ढवळला. बुडबुडे वर आले. पाण्याने भरलेल्या उलट्या बाटलीत त्यांनी ते गोळा केले आणि ज्योत लावली. हवा निळसर ज्योतीने जळली! जिथे पालापाचोळा जास्त कुजलेला, तिथे ही हवा जास्त, हेही त्यांच्या लक्षात आलं. हाच मिथेन. विजेच्या ठिणगीने तो पेटवण्याचे प्रयोगही त्यांनी केले.

पुढील आयुष्य : १७७९ पासून ते पाव्हिया विद्यापीठात शिकवू लागले. १८०० मध्ये त्यांनी विद्युतघट जाहीर केला. नेपोलियनने त्यांचा गौरव केला. ५ मार्च १८२७ रोजी कोमो येथेच त्यांचे निधन झाले. विद्युतदाबाचे एकक 'व्होल्ट' हे त्यांच्याच नावावरून आले.

आपल्यासाठी काय? बंद टाकीत, हवा न लागता, जिवाणू शिळंपाकं अन्न कुजवतात तेव्हा हाच मिथेन तयार होतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेने खरकट्यावर चालणारं घरगुती संयंत्र बनवलं आणि २००६ मध्ये त्याला अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. उरलेल्या गाळ-पाण्याचं खत होतं. तेच अन्न कचरा डेपोच्या ढिगात दबलं, तर मिथेन हवेत सुटतो आणि कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो. वायू एकच, कोंडून वापरला तर चूल पेटवतो, सोडून दिला तर पृथ्वी तापवतो.

म्हणून पोषण आहारानंतर उरलेलं अन्न आठवडाभर मुलांकडून रोज वजन करून घ्या आणि आकडे फळ्यावर लिहा. आधी ताटात कमी कसं उरेल ते बघू, मग उरलेल्याचं काय करायचं ते मुलांनाच विचारू. व्होल्टांनी चिखलाला नाक मुरडलं नाही, प्रश्न विचारला. आपल्या मुलांनीही तेच शिकायचं आहे.