बालगंधर्व : महाराष्ट्राचे पहिले ‘फॅशन आयकॉन’

मित्रांनो, फॅशन, सिनेमा, संगीत आणि शहरातली भटकंती हे माझे चार वीक पॉइंट! (उरलेल्या वेळात इंजिनिअरिंग चालूच असतं.) या चारही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतात का, असं विचारलं तर आपण पटकन एखाद्या हॉलिवूड स्टारचं नाव घेऊ. पण मला सापडलेला माणूस अस्सल मराठी आहे. त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची आणि केशरचनेची कॉपी अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायका करायच्या आणि गंमत म्हणजे तो माणूस पुरुष होता!

आपल्यापैकी बऱ्याच जणांना बालगंधर्व म्हणजे पुण्यातलं, जंगली महाराज रोडवरचं थिएटर एवढंच ठाऊक असतं. २०११ साली आलेल्या सुबोध भावेच्या ‘बालगंधर्व’ सिनेमामुळे थोडी ओळख वाढली, तरी होस्टेलवर हा विषय काढला की पहिली प्रतिक्रिया हसण्याचीच येते. साडी नेसणारा पुरुष! म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

नारायण श्रीपाद राजहंस हे त्यांचं खरं नाव. जन्म २६ जून १८८८. लहानपणी त्यांचं गाणं ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटलं आणि तेच नाव जन्मभर राहिलं, असं सांगतात. गाण्यातले त्यांचे गुरू म्हणजे भास्करबुवा बखले. १९०५ साली, म्हणजे आपण बारावीत असतो त्या वयात, ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि ‘शाकुंतल’मध्ये शकुंतला म्हणून उभे राहिले.

आता प्रश्न असा, की शकुंतला पुरुषानं का करायची? कारण ‘चांगल्या घरातल्या’ बाईनं स्टेजवर जाणं त्या काळी समाजाला मान्यच नव्हतं. सिनेमाची गोष्टही वेगळी नव्हती. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला एकही बाई मिळेना. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाला तारामती व्हावं लागलं! नेमकं त्याच वर्षी बालगंधर्वांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर स्वतःची ‘गंधर्व नाटक मंडळी’ सुरू केली. वय वर्षे पंचवीस.

पण बालगंधर्वांनी नुसतं बाईचं सोंग आणलं नाही. ‘मानापमान’मधली श्रीमंत भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सोशिक सिंधू या प्रत्येकीचं चालणं, बोलणं, रुसणं वेगळं होतं. आणि कपडे? त्या काळी ना टीव्ही, ना फॅशन मॅगझिन. नाटक कंपनी गावोगाव फिरायची आणि तोच चालताबोलता फॅशन शो! नऊवारी कशी चापूनचोपून नेसायची, पदर कसा घ्यायचा, अंबाड्यावर फुलं कशी माळायची, कोणत्या साडीवर कोणता दागिना शोभतो, हे सगळं बायका त्यांच्याकडे बघून शिकल्या. म्हणजे बाईनं कसं दिसावं हे स्टेजवरून दाखवायला समाजाला पुरुष चालत होता, पण बाई चालत नव्हती. हा विरोधाभास लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा येणार आहे.

गाण्याबद्दल मी काय बोलणार? माझे कान इंग्लिश पॉपवर वाढलेले. पण त्यांच्या जुन्या रेकॉर्डस् ऐकल्यावर एक गोष्ट जाणवली, ती म्हणजे आवाज कुठेही दाखवेगिरी करत नाही. अवघड तान सहज, बोलता बोलता घेतल्यासारखी येते. रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. थिएटरात मात्र एकेका पदाला ‘वन्समोअर’ वर ‘वन्समोअर’ मिळत आणि नाटक पहाटेपर्यंत चालत असे.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग रद्द करावा असं सगळ्यांना वाटत होतं, पण जमलेले प्रेक्षक परत जाऊ नयेत म्हणून बावीस वर्षांचा हा बाप तोंडाला रंग लावून भामिनी म्हणून उभा राहिला. ही गोष्ट नेहमी मोठेपणा म्हणून सांगितली जाते. मला मात्र ती वाचताना भीती वाटली. घरी बाळाच्या आईला त्या रात्री काय वाटलं असेल, हे कोणी लिहीत नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र साहेब पूर्ण ‘फेल’! खोटा दागिना, स्वस्तातलं कापड त्यांना खपत नसे. उंची रेशमी वस्त्रं, गालिचे, थिएटरात दरवळणारं अत्तर, साथीला अहमदजान थिरकवांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी... ‘कॉस्ट कटिंग’ हा शब्द त्यांच्या डिक्शनरीतच नव्हता. ८ जुलै १९२१ रोजी त्यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्याबरोबर ‘संयुक्त मानापमान’ केलं. त्या काळातल्या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सुपरस्टार एका स्टेजवर! पण त्याच सुमारास स्वतःची कंपनी प्रचंड कर्जात होती. ते कर्ज त्यांनी वर्षानुवर्षं नाटकं करून फेडलं.

आणि मग आला बोलपट. १९३१ साली ‘आलम आरा’, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. यातली तारामती होती दुर्गा खोटे, मोठ्या घराण्यातली, शिकलेली, खरीखुरी स्त्री! जिथे १९१३ साली साळुंके होते, तिथे एकोणीस वर्षांत दुर्गाबाई आल्या. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकातही स्त्रियांनी स्त्रियांची कामं केली. काळ बदलला होता. बालगंधर्वही प्रभातमध्ये गेले. व्ही. शांतारामांच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) मध्ये त्यांनी संत एकनाथांची, म्हणजे पुरुषाची भूमिका केली. पण त्यांचं मन तिथे रमलं नाही. समोर रसिक नाहीत, वन्समोअर नाही, नुसता कॅमेरा! प्रभातबरोबरचा संबंध त्या एका चित्रपटावरच संपला आणि ते पुन्हा नाटकाकडे वळले.

आता तो विरोधाभास. १९३० च्या दशकाच्या अखेरीस गोहर कर्नाटकी ही गायिका त्यांच्या कंपनीत आली. त्यांचं गाणं तिनं इतकं आत्मसात केलं होतं की त्यांच्या स्त्री-भूमिका ती करू लागली. पुढे दोघं एकत्रच राहिले. आणि मग टीकेची झोड उठली. ती मुसलमान, गाणं-बजावणं करणाऱ्या घरातली! बालगंधर्वांच्या ऱ्हासाचं खापर लोकांनी तिच्यावर फोडलं. ज्या समाजानं तीस वर्षं पुरुषातली बाई डोक्यावर घेतली, त्याला त्याच जागी उभी राहिलेली खरी बाई मात्र सहन झाली नाही. लक्ष्मीबाईंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या वाट्याला आलेलं दुःख खरंच होतं, ते मी नाकारत नाही. पण कर्ज, बोलपट, बदललेला काळ आणि वाढलेलं वय, हे सगळं एका गोहरच्या नावावर टाकणं हा कुठला हिशेब? आपल्याकडे एखादं मशीन बंद पडलं तर आपणही सगळी कारणं तपासतोच ना!

शेवटची वर्षं फार वाईट गेली. पायांनी साथ सोडली, पैसा उरला नाही. १९६४ साली पद्मभूषण मिळालं आणि त्याच वर्षी गोहर गेली. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात बालगंधर्वांचं निधन झालं. ज्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली त्यांनी स्वतःच्या हातानं बसवली होती, ते पूर्ण झालेलं पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, त्याचं उद्घाटन झालं.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी गॅदरिंगमध्ये एखादा मुलगा साडी नेसून स्टेजवर आला की शिट्ट्या जरूर मारा, मीही मारीन! पण एकदा हेडफोन लावून बालगंधर्वांची एखादी रेकॉर्डही ऐका. आणि जमलं तर त्यानंतर गोहर कर्नाटकीचीही शोधून ऐका. तिचा आवाज तेवढ्याच लक्षपूर्वक ऐकणं आपल्या पिढीला तरी जमायला हवं.