बर्ट मन्रो : एकच इंजिन, अख्खं आयुष्य

मागच्या महिन्यात बाबांच्या जुन्या टू-स्ट्रोक बाईकचं इंजिन पहिल्यांदाच उघडलं. जोडताना पिस्टन रिंगचं तोंड पिनवर आलंय का ते न बघताच सिलेंडर खाली दाबला. कडक्! रिंग मोडली. डिग्री काही कामाला आली नाही. तेव्हा बर्ट मन्रो आठवला.

१८९९ मध्ये न्यूझीलंडच्या इन्व्हरकार्गिलमध्ये जन्मलेल्या या माणसाने १९२० मध्ये इंडियन स्काउट घेतली (नाव इंडियन, कंपनी अमेरिकन बरं का!). ६०० सीसी, टॉप स्पीड ताशी जेमतेम ८९ किमी. पुढे आयुष्यभर तो हेच इंजिन खोलत-जोडत राहिला. पैसे बेताचे, म्हणून पार्ट घरीच. जुन्या डब्यांत धातू ओतून पिस्टन करायचा, ट्रॅक्टरच्या जुन्या एक्सलमधून कनेक्टिंग रॉड घडवायचा. इंजिन कितीदा तरी फुटलं. मोडके पार्ट तो शेडमधल्या फळीवर मांडायचा, वेगाच्या देवाचा नैवेद्य म्हणून. आपल्या भाषेत एरर लॉगच की!

२६ ऑगस्ट १९६७. अमेरिकेतलं बॉनव्हिलचं मिठाचं मैदान, वय ६८, इंजिन तोवर ९५० सीसी झालेलं. १००० सीसीखालच्या गटात विक्रम झाला : ताशी १८३.५८६ मैल.

१९७८ मध्ये तो गेला. नंतर त्याच्या मुलाला त्या आकड्याच्या गणितातच चूक सापडली. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली : १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किमी. बग फिक्स व्हायला ४७ वर्षं!

माझी मोडकी रिंग आता खिडकीत ठेवलीये. नवीन रविवारी बसवतोय, आधी पिन बघून.